गुरूवर श्रद्धा ठेवून स्वतःच्या बुद्धीने विचार करता येतो का?

उंबरठा (प्रश्न)

आमच्या कुटुंबातील वडीलधारी मंडळी अनेक वर्षांपासून एका गुरूंच्या संप्रदायात आहेत. त्यांचा मान राखून आणि कोणाचेही नाव न घेता एक प्रश्न येथे मांडत आहे. मी नास्तिक नाही; नामस्मरण करते, संतवाङ्मय वाचते आणि अध्यात्मात मार्गदर्शक असावा हेही मला मान्य आहे. त्यामुळे ‘सगळे बुवा भोंदूच असतात’ या उत्तराचा मला उपयोग नाही, आणि ‘श्रद्धा असेल तर प्रश्नच पडत नाहीत’ या उत्तराचा तर त्याहून नाही.

अडचण अशी आहे की गुरूंच्या एखाद्या निर्णयाबद्दल मी काही विचारले, की चर्चा त्या निर्णयाची न होता माझ्या पात्रतेची होऊ लागते. शंका येते म्हणजे अहंकार शिल्लक आहे, असे सांगितले जाते. एखादी गोष्ट उघडच विसंगत दिसली, तर ती लीला असून आपल्या पातळीवरून कळणार नाही, असे उत्तर मिळते. एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर डॉक्टर, अभियंते आणि मोठमोठे अधिकारीदेखील सेवेला येतात, ते सगळे मूर्ख आहेत का, असा उलट प्रश्न येतो. हे तिन्ही युक्तिवाद मला पटत नाहीत. पण त्यांत नेमके काय खटकते हे मला नीट मांडता येत नाही, आणि कधी कधी खरोखरच वाटते की दोष माझ्याच वृत्तीत असेल.

म्हणून विचारते: श्रद्धेच्या आत राहून स्वतंत्र विचार करता येतो का? येत असेल, तर शरणागती कोठे संपते आणि आंधळेपणा कोठे सुरू होतो, हे श्रद्धावान माणसाने कसे ओळखावे?

मीमांसक (प्रतिसाद)

तुम्ही सांगितलेल्या युक्तिवादांपैकी पहिल्या दोहोंत एक गोष्ट समान आहे. काहीही घडले तरी ते खोटे ठरू शकत नाहीत. गुरूंनी भले केले तर ती कृपा, नुकसान केले तर ती शिष्याची परीक्षा, आणि काहीच केले नाही तर शिष्याची पात्रता कमी. गुरूंचे वागणे कसेही असले तरी निष्कर्ष तोच निघत असेल, तर तो निष्कर्ष वागण्यावरून काढलेलाच नाही. तो आधी ठरलेला आहे.

अहंकाराच्या मुद्द्याबद्दल मला नेहमी एक गंमत वाटते. तुमची बुद्धी अपुरी आहे, म्हणून ती गुरूंच्या चरणी ठेवा, असे सांगणारा हे विसरतो की इतक्या गुरूंमधून हेच गुरू खरे, हा निर्णय त्याच अपुऱ्या बुद्धीने घेतलेला होता. दीक्षा घेईपर्यंत जी बुद्धी विश्वासार्ह होती, ती दीक्षा घेताच निरुपयोगी कशी काय होते? शरण जाण्याचा निर्णय आपला असतो आणि शरण राहण्याचा निर्णयही रोज आपलाच असतो. तो दुसऱ्याच्या स्वाधीन केला आहे असे आपण फार तर समजून चालतो.

लीलेच्या युक्तिवादाचे काय होते, हे पाहायचे असेल तर मुंबईत १८६२ साली निकाली निघालेला महाराज खटला पाहावा. करसनदास मुळजी यांनी १८६० मध्ये आपल्या ‘सत्यप्रकाश’ या पत्रातून वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या स्त्री-अनुयायांशी असलेल्या वर्तनावर टीका केली, आणि त्यावरून जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. भक्तांनी साक्षच देऊ नये, यासाठी जातीतून दबाव आणण्याचा प्रयत्न झाला आणि त्याबद्दल वेगळा खटला चालवावा लागला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या वैद्यांनी न्यायालयात साक्ष दिली. अखेर निकाल करसनदासांच्या बाजूने लागला, आणि जे नीतीच्या दृष्टीने चूक आहे ते धर्माच्या दृष्टीने बरोबर असू शकत नाही, हे तत्त्व न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी निकालात नोंदवले. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हे की करसनदास स्वतः त्याच संप्रदायात वाढलेले वैष्णव होते. त्यांची टीका बाहेरून आलेल्या अश्रद्धाची नव्हती. जुन्या धर्मात हे नाही, असे एक धार्मिक माणूस आपल्याच गुरूंना सांगत होता.

सुशिक्षितांच्या दाखल्याचे उत्तर सोपे आहे. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथाच्या अनुयायांत हृदयशल्यचिकित्सक होता, रसायनशास्त्रज्ञ होते, भौतिकशास्त्र शिकलेले तरुण होते. शस्त्रक्रिया करताना पुरावा मागणारा माणूस गुरूपुढे तो मागेलच असे नाही, कारण तेथे पुरावा मागणे हे पाप आहे, हे त्याने आधीच स्वीकारलेले असते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथातील, बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना केलेला उपदेश या संदर्भात वारंवार सांगितला जातो, पण बहुधा अर्धाच. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ म्हणून एखादी गोष्ट मानू नका, असे बुद्ध म्हणतात, एवढे सर्वांना माहीत असते. मात्र केवळ तर्काला पटली म्हणून किंवा आपल्या मताशी जुळली म्हणूनही ती मानू नका, असे त्याच दमात ते सांगतात. मग मानायचे कशावरून? त्या शिकवणुकीने वागल्यावर लोभ, द्वेष आणि मोह वाढतात की कमी होतात, आणि जाणत्या लोकांना ते वर्तन निंद्य वाटते की प्रशंसनीय, हे स्वतः पाहून. ही कसोटी श्रद्धावान माणसाला पूर्णपणे वापरता येते. त्यासाठी गुरूंचे अंतरंग जाणण्याचा दावा करावा लागत नाही. त्यांच्या सहवासात माणसांचे काय होते, एवढेच डोळे उघडे ठेवून पाहावे लागते.

पादसेवन (प्रतिसाद)

मीमांसक यांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यात एक बाजू सुटली आहे असे मला नम्रपणे वाटते. मी स्वतः गुरुदीक्षा घेतलेली आहे आणि ती घेतल्याचा मला आनंद आहे.

स्वतःच्या बुद्धीने विचार करावा, असे म्हणणे सोपे आहे. पण ही ‘स्वतःची बुद्धी’ किती स्वच्छ असते? ती आपल्या सोयीचे निष्कर्ष काढते, आवडत नाही त्यात दोष पाहते आणि आवडते त्याला तत्त्वाचे नाव देते. मी अत्यंत रागीट माणूस होतो आणि प्रत्येक वेळी माझा राग योग्यच आहे, हे माझी बुद्धी मला पटवून देत असे. गुरूंनी सांगितलेला नियम, तो पटत नसतानाही, मी पाळला. त्यातून जो फरक पडला तो मी आणि माझ्या घरातील माणसे जाणतात. गायन शिकणारा विद्यार्थी प्रत्येक पलट्यामागचे कारण विचारत बसला, तर त्याचा गळा कधीच तयार होणार नाही. काही गोष्टी आधी कराव्या लागतात आणि मग कळतात. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी ‘मामेकं शरणं व्रज’ असे स्पष्ट सांगितले आहे. ‘पटले तर ये’ असे म्हटलेले नाही.

काही दुराचारी माणसांनी गुरुपदाचा गैरवापर केला, हे खरे आणि दुःखद आहे. पण वैद्यकात अपप्रवृत्ती आहेत म्हणून आपण उपचार घेणे सोडत नाही. अध्यात्मालाच वेगळा न्याय का?

कडेलोट (प्रतिसाद)

पादसेवन, तुम्ही सांगितलेला श्लोक सहासष्टावा. त्याआधी तीनच श्लोक, म्हणजे त्रेसष्टाव्यात, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’ असे आहे: सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर. शरण येण्याचे आवाहन त्यानंतरचे आहे, आणि तेही सतरा अध्याय अर्जुनाने प्रश्न विचारून झाल्यावर. ‘तुझे बोलणे संदिग्ध आहे, माझी बुद्धी गोंधळते’ असे त्याने तिसऱ्या अध्यायात तोंडावर सांगितले; त्याला कोणी अहंकारी ठरवले नाही.

वैद्याच्या दाखल्याबद्दल एवढेच म्हणतो की डॉक्टरची तक्रार करता येते, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते, आणि औषध बदलले म्हणून पुढचे सात जन्म वाया जातील, असे डॉक्टर म्हणत नाही. नेमक्या याच सोयी गुरूंच्या बाबतीत असतील, तर माझी काही तक्रार नाही.

पाणवठा (प्रतिसाद)

वाद रंगतो आहे, पण उंबरठा यांना घरात याच माणसांबरोबर राहायचे आहे, हे आपण विसरतो आहोत. माझा अशा काही कुटुंबांशी जवळून संबंध आला आहे, म्हणून थोडे वेगळ्या अंगाने लिहिते.

माणूस एका दिवसात आंधळा भक्त होत नाही. आरंभी मागणी इतकी लहान असते की ती नाकारण्याचे कारणच नसते: एखादे पारायण, थोडी सेवा, सत्संगाला नियमित येणे. मग जुने स्नेही कमी होतात, कारण त्यांच्याशी बोलण्यासारखे काही उरत नाही. मग लग्न, नोकरी, मुलांचे शिक्षण यांचे निर्णय विचारून होऊ लागतात. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाइतकेच लहान असते, आणि जितके दिले गेले तितके ते व्यर्थ होते असे मानणे कठीण होत जाते. म्हणून पुरावा समोर आला की श्रद्धा तुटतेच असे नाही. पुष्कळदा ती अधिक घट्ट होते. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख मानली होती. तो दिवस नेहमीसारखा गेला. अनेक जण निराश होऊन बाहेर पडले; पण काहींनी तारीख बरोबरच होती, फक्त ती घटना पृथ्वीवर न घडता स्वर्गात घडली, असा अर्थ लावला, आणि त्या धारेतून पुढे एक मोठा पंथ उभा राहिला. त्या माणसांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्याच्यावर सगळे आयुष्य उभे केले आहे, ते मोडण्यापेक्षा एखादा नवा अर्थ स्वीकारणे कोणालाही सोपेच जाईल.

मीमांसक यांची कसोटी मला मान्य आहे, पण तिच्यात मी एका प्रश्नाची भर घालीन: येथून बाहेर पडू पाहणाऱ्याचे काय होते? गयानाच्या जंगलात जिम जोन्स या अमेरिकन पंथप्रमुखाच्या वसाहतीत १८ नोव्हेंबर १९७८ रोजी नऊशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत सुमारे तीनशे मुले होती. त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून तेथून निघणे जवळजवळ अशक्य करून ठेवलेले होते, आणि सामूहिक मरणाच्या तालमीदेखील झालेल्या होत्या. आपल्याकडे हरयाणातील एका डेऱ्याच्या प्रमुखाविरुद्ध बलात्काराच्या आरोपाचे निनावी पत्र २००२ साली बाहेर आले. दोषी ठरण्यासाठी २५ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्या दिवशी पंचकुला येथे उसळलेल्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसे मेली. पत्र निनावी का लिहावे लागले, याचा विचार करावा. आश्रमात राहणाऱ्या साध्वीला गुरूंविरुद्ध नावानिशी बोलता येत नव्हते आणि घरी सांगावे, तर घरची माणसेही बहुधा त्याच गुरूंची भक्त. सगळेच संप्रदाय असे असतात, असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी बाहेर पडणाऱ्याला थोडे टोमणे ऐकावे लागतात आणि विषय संपतो. पण तो संपतो की नाही, हे पाहण्यासाठी कोणाच्या आध्यात्मिक पातळीची गरज नाही.

घरात बोलताना गुरूंवर हल्ला करू नका. तो त्या माणसाला स्वतःवरचा हल्ला वाटतो. ‘असे काय घडले तर तुम्हाला थांबावेसे वाटेल?’ एवढा एकच प्रश्न शांतपणे विचारा, आणि उत्तर लगेच मिळाले नाही तर ते मागू नका. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणे किंवा वैद्यकीय उपचार रोखणे असा प्रकार असेल, तर मात्र थांबू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात अशा कृत्यांना सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कारावास आहे. पूजा, कीर्तन, वारी, प्रवचन यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, हे घरच्यांना आवर्जून सांगावे; त्याबद्दल पुष्कळ गैरसमज पसरवले गेले आहेत.

पादसेवन (प्रतिसाद)

कडेलोट यांचा तिरकसपणा सोडून देतो, कारण त्रेसष्टाव्या श्लोकाबद्दल त्यांचे म्हणणे खरे आहे. पाणवठा यांचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला, आणि दुसऱ्याला विचारण्याआधी तो मी स्वतःला विचारला. गुरूंनी मला त्यांच्यासाठी खोटे बोलायला सांगितले, किंवा माझ्या पत्नीच्या अथवा मुलीच्या मनाविरुद्ध तिला कोठे पाठवायला सांगितले, तर मी थांबेन. ही मर्यादा मला शिकवलेली नाही. ती माझी मलाच दिसली. दासबोधातील गुरुलक्षणांचा समास मी अनेकदा वाचला आहे. शिष्याला साधनाला न लावणारे आणि इंद्रियदमन न करवणारे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकावेत, असे समर्थ तेथे सांगतात. टाकावे की ठेवावे हे ठरवणार शिष्यच, हे त्या ओवीत उघड आहे. मी आजवर ती इतरांच्या गुरूंना लावत आलो.

तरीही माझे मूळ म्हणणे कायम आहे. नियम पाळताना शंकेला काही काळ बाजूला ठेवावे लागते. ती कायमची गाडून टाकावी, असे मात्र मी म्हणणार नाही.

मीमांसक (प्रतिसाद)

पादसेवन, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांशी मी सहमत आहे, आणि तुमचा गायनाचा दाखला तेवढ्यापुरता मला पटतो. शिष्याला पुढे कधीतरी स्वतंत्र मैफल करता यावी, अशीच चांगल्या गवयाची इच्छा असते. शिष्य आयुष्यभर पलटेच घोटत राहावा, अशी व्यवस्था असेल तर काहीतरी बिनसले आहे. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’ असे म्हणणारे तुकोबा स्वप्नात का होईना, पण गुरूपदेश घेतलेलेच होते.

जे. कृष्णमूर्ती यांनी ३ ऑगस्ट १९२९ रोजी नेदरलँड्समधील ओमेन येथे, त्यांना जगद्गुरू मानणारी हजारोंची संघटना स्वतःच विसर्जित केली आणि मला अनुयायी नकोत असे सांगितले. पुढे अनेक दशके लोक हेच वाक्य त्यांच्या पायाशी बसून, मान डोलावत ऐकत राहिले. तेव्हा गुरू नाकारल्याने विचार आपोआप स्वतंत्र होतो, या भ्रमातही कोणी राहू नये. ‘अमुक विचारवंत म्हणतात म्हणून मी अश्रद्ध आहे’ असे म्हणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

उंबरठा (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. विशेषतः पादसेवन यांचे, कारण त्यांनी दिलेले उत्तर मी घरी जसेच्या तसे सांगू शकेन. ते श्रद्धावान माणसाचे आहे.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती, कारण प्रश्न मालमत्तेचा आहे असे कोणाला वाटू नये, अशी इच्छा होती. घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीने आपला राहता हिस्सा संप्रदायाच्या न्यासाला बक्षीसपत्राने देण्याचे ठरवले आहे. त्यांचे ते आहे, त्यांना हवे त्याला देण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि मला त्यात वाटा नको आहे. पण हा निर्णय त्यांचा आहे की त्यांच्याकडून करवून घेतलेला आहे, हे मला ओळखता येत नाही. येथे कायदा काही म्हणतो का?

साक्षांकित (प्रतिसाद)

म्हणतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १६ मध्ये अनुचित प्रभावाची व्याख्या आहे. एक व्यक्ती दुसरीच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल अशा स्थितीत असेल आणि तिने त्या स्थितीचा गैरफायदा घेतला असेल, तर करार रद्द करून घेता येतो, आणि बक्षीसपत्रालाही न्यायालये हेच तत्त्व लावतात. गुरू आणि शिष्य यांचे नाते अशा नात्यांमध्ये मोडते. परलोकी कल्याण व्हावे म्हणून आपली सर्व मालमत्ता गुरूला देऊन टाकणाऱ्या शिष्याचे दानपत्र अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८९० च्या सुमारासच रद्द ठरवले होते. व्यवहार सकृद्दर्शनी अन्यायकारक दिसत असेल, तर प्रभाव टाकला नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी वर्चस्व असलेल्या पक्षावर येते. देणाऱ्याला स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, आणि आपल्या चरितार्थाला त्याने काही ठेवले होते का, हे अशा वेळी न्यायालय पाहते.

तरी न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येऊ देऊ नये. नोंदणी झालेले बक्षीसपत्र नंतर मागे घेणे अत्यंत कठीण असते. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येते. तेव्हा द्यायचेच असेल तर मृत्युपत्राने द्यावे, असे सुचवून पाहा. त्यात न्यासाला मिळायचे ते मिळेल आणि ज्येष्ठांचे छप्परही राहील. त्याआधी संप्रदायाशी संबंध नसलेल्या वकिलाकडे त्यांना एकदा एकटेच बोलू द्यावे. तुम्हीही आत बसू नये. न्यासाने मृत्युपत्राला हरकत घेतली आणि बक्षीसपत्रच हवे असा आग्रह धरला, तर तो आग्रह कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत धरला, याची तारखेसह नोंद ठेवा.